मायाप्पाच्या गाडीतला बल्ब

“मग याच्यापेक्षा मोठा अल्टरनेटर बसत न्हाई का?”

बिरानं बाबालाल उस्तादांना विचारलं. ते मिनीबसच्या बॉनेटवर ओणवे होऊन आत बघत होते. इंजिन धडधडत होतं.

“ट्रकचा बसवा. पट्टा बदलू, वायर जाड टाकू. पण दिवसभर गाडी हाणूनबी बॅटऱ्या भरत न्हाईत म्हणजे काय?”

…

“ऐकताय न्हवं उस्ताद?”

उस्तादांनी शेजारच्या बादलीत बोटं बुडवली आणि अल्टरनेटरवर पाणी झटकलं.

चर्र झालं. वाफ उठली आणि गेली. जळक्या वार्निशचा वास तेवढा मागं राहिला.

“त्यालाच विचार,” उस्ताद म्हणाले.

सांगोल्याहून जतकडं जाताना एका फाट्यावर उस्तादांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, तर पत्र्याचं छप्पर, एक कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली ओळीनं मांडलेल्या दुरुस्तीच्या बॅटऱ्या. गाड्यांची वायरिंग हे त्यांचं काम. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेली पोरं म्हणायची, उस्ताद एखादं वाक्य देतात आणि मग ते वर्षभर पुरवून खावं लागतं.

मायाप्पा त्यातलाच एक. बिरा त्याचा धाकटा भाऊ.

बिरा शाळेत फार टिकला नाही. दादानं त्याला बरोबर घेतलं आणि दोघं शेतात ठिबकच्या नळ्या अंथरायचं काम करू लागले. आज या गावी डाळिंबाची बाग, उद्या दुसऱ्या गावी द्राक्षाची. रोज घरी परतणं जमायचं नाही. म्हणून मायाप्पानं शाळेची एक मोडकळीला आलेली मिनीबस घेतली, आतली बाकडी उपटली आणि तिचं घर केलं. दोन बाजूंना झोपायचे दोन बाक, मध्ये शेगडी, वर पंखा. आपल्या बाकाच्या डोक्याशी त्यानं गाडीच्या मागच्या दिव्याचा पिवळा बल्ब लावला आणि त्यावर स्टीलची वाटी उलटी बसवली, डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून.

बाकाखाली चार बॅटऱ्या होत्या, फक्त या घरासाठी. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी, पुढं. गाडी पळत असली की इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर आधी पुढच्या बॅटरीचं पोट भरायचा आणि मग जाड तारेतून या चौघींना पाजायचा. गाडी थांबली की मधला रिले, म्हणजे आपोआप चालणारं बटण, ही जोडणी तोडायचा. मग घराच्या बॅटऱ्या घराला, गाडीची गाडीला. दिवसभर रस्त्यावर कमवायचं आणि मुक्कामाला खायचं, असं मायाप्पा सांगायचा.

त्या रात्री मुक्काम एका डाळिंबाच्या बागेत होता. तिथं साप फिरायचे, म्हणून मायाप्पा बल्ब चालू ठेवून झोपला. पंखाही चालू होता. सकाळी बिरानं चहा केला, हाक मारली, चहा निवला, पुन्हा हाक मारली…

डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं.

माणूस जिथं जातो तिथं दिवा ठेवतात. वहिनीनं घरात पीठ पसरून पणती ठेवली. दिवस होईपर्यंत ती विझू द्यायची नसते, म्हणून बायका आळीपाळीनं तेल घालत बसल्या. बिराला ते पटलं नाही. दादा घरात गेलाच नव्हता. दादा गाडीत गेला होता. त्याच्या उशाशी दिवा आधीपासून जळत होता, आणि त्याला तेल घालणारा बिरा एकटाच होता.

तो गाडीत जाऊन बसला आणि त्यानं इंजिन सुरू केलं.

दिवस झाले, घरातली पणती उचलली. बल्बला कुणी काही सांगितलं नाही.

तेव्हापासून तो गाडी पळवत होता. सांगोला, आटपाडी, विटा, जत, परत सांगोला. कुठं जायचं नव्हतं, पण थांबायचंही नव्हतं. पेट्रोलपंपावरची माणसं त्याला ओळखू लागली होती. बागवाल्यांचे फोन यायचे, त्यांना तो येतो म्हणायचा आणि जायचा नाही. हाताखालचे गडी घरी बसून होते. वहिनीनं दोनदा विचारलं, की भाऊजी, कामाचं काय ठरवलंय. तिसऱ्या वेळी तिनं नुसतंच, जेवलात का, विचारलं. बिरानं गाडीची किल्ली फिरवली.

आटपाडीला एका दुकानदारानं त्याला शहाणपण शिकवलं होतं. हा बल्ब वीज खातो, त्याच्या जागी एलईडी लाव, आठवडाभर बघायला नको. बिरानं त्याची गचांडी धरली होती. दादानं शेवटचं बघितलं ते या बल्बच्या उजेडात, तो कसा बदलणार?

आणि आता बल्ब लालसर जळू लागला होता. दिवसभर पळवून गाडी थांबवली, की थोड्याच वेळात तो मंद व्हायचा. म्हणून बिरा मुक्कामालाही इंजिन चालू ठेवायचा आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून डुलक्या घ्यायचा.

हे सगळं त्यानं उस्तादांना घाईघाईनं सांगितलं, मागचं पुढं आणि पुढचं मागं करत. सांगताना तो गाडीभोवती फेऱ्या मारत होता. उस्तादांना मान वळवून वळवून ऐकावं लागत होतं.

उभ्या गाडीत इंजिन ठेवलं की अल्टरनेटर हळू फिरतो, उस्ताद म्हणाले. हळू फिरला की देतो थोडं. वारा लागत नाही म्हणून तापतो मात्र पुरता. त्यात चार उपाशी बॅटऱ्या त्याला ओढत राहिल्या. आतली तार भाजलीय.

“म्हणून तर मोठा बसवा म्हणतोय.”

“बसवीन. तो किती दिवस भाजायचा?”

बिरानं तोंड फिरवलं.

“इंजिन बंद कर,” उस्ताद म्हणाले.

“बंद केलं तर बल्ब उतरंल.”

“फिरत्या पट्ट्यात हात घालू का मी?”

बिरा चढला, किल्लीला हात लावला, काढला, परत लावला. मग एकदाची फिरवली.

धडधड थांबली. इतके दिवस कानांत भरलेला आवाज गेला आणि लिंबावरच्या चिमण्या एकदम जवळ आल्या. गाडीत पंखा फिरत होता. त्याचं एक पातं जाळीला घासायचं. टिक… टिक… टिक… दादा म्हणायचा, या जत्रेनंतर ते पातं वाकवून नीट करू.

बिरा खाली उतरला. पुन्हा चढला. पुन्हा उतरला.

“किती वेळ लागंल?”

“आधी बॅटऱ्या बघू दे.”

उस्ताद गाडीत चढले. बॅटऱ्या मायाप्पाच्या बाकाखाली होत्या. फळी उचलायची तर वरची गादी काढावी लागणार होती. गादीवर वाकळ तशीच अर्धी सरकलेली होती. उशीला मधोमध खळगा होता. उस्तादांनी गादीच्या कोपऱ्याला हात घातला.

“गादीला हात लावायचा न्हाई.”

उस्तादांनी हात मागं घेतला. ते खाली उतरले आणि गाडीच्या पायरीवर बसले. खिशातून फडकं काढून चष्मा पुसायला लागले.

…

बिराला वाटलं, उस्ताद समजावतील, रागावतील. उस्ताद चष्माच पुसत राहिले. एक काच झाली, मग दुसरी.

मग बिराचंच तोंड सुटलं. म्हणाला, दादा तुम्हाला बापासारखं मानायचा. नवीन काही जोडलं की आधी तुम्हाला दाखवायला आणायचा. सणाला घरी नंतर जायचा, आधी हितं यायचा. आणि तुम्ही त्याच्या मातीलाबी आला नाहीत आणि दिवसालाबी आला नाहीत. एवढं कसलं काम अडलं होतं? कुणाची बॅटरी उतरली होती?

उस्तादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“आलो होतो,” ते म्हणाले. “दोन्ही टायमाला. मातीला तू मला बघितलंच न्हाईस. दिवसाला तू गाडीत होतास. काचेवर थापबी मारली मी. इंजिनच्या आवाजात तुला ऐकू गेलं नसंल.”



आत पंखा टिकटिकत होता.

बिरा गाडीत चढला. त्यानं वाकळ गोळा केली, तिची घडी घालायला गेला, घालता येईना. तशीच छातीशी धरून समोरच्या बाकावर ठेवली. उशी दोन्ही हातांनी सपाट उचलली, पाण्यानं काठोकाठ भरलेलं ताट उचलावं तशी. खळगा मोडू नये म्हणून. पण उशीच ती. बाकावर ठेवेपर्यंत कापूस फुगून वर आला.

त्यानं उशीकडं बघितलं. मग गादी ओढून काढली आणि फळी उचलली.

“या,” तो म्हणाला.

उस्ताद गुडघे टेकून बसले. ॲसिड मोजायची काचेची नळी त्यांनी एकेका बॅटरीत बुडवली आणि ओढली. बॅटरी भरलेली असली की नळीतला काटा वर तरंगतो. पहिलीत तो पोटापर्यंत बुडाला. दुसरीत, तिसरीत त्याच्याही खाली गेला. चौथीत तळाला जाऊन बसला आणि हललाच नाही.

उस्तादांनी नळी बादलीत धुतली. मग सांगायचं ते सांगितलं. बल्ब अजून थोडा वेळ जळेल. तो असाच जळू दिला तर या चारही बॅटऱ्या पार खाली जातील. एवढ्या खाली गेलेल्या बॅटरीच्या पट्ट्या पांढऱ्या पडतात. मग तिला कितीही पाजा, ती घेत नाही. मीटरचा काटा भरल्यागत दाखवतो आणि पंखा लावला की पडतो. आत्ताच काढल्या, एकेक सुटी करून बेंचवर हळूहळू भरल्या, तर जगतील. चौथीचं सांगता येत नाही.

बिराला हे नवीन नव्हतं. दादानं चारही बॅटऱ्या स्वतः निवडून आणल्या होत्या, त्यांत दर महिन्याला पाणी घातलं होतं, प्रत्येकीच्या टोकांना व्हॅसलीन लावलं होतं. गाडीत चढताना कुणी पायानं फळी वाजवली तरी त्याला चालायचं नाही.

“दोन्ही न्हाई का ऱ्हात? बल्बबी आणि बॅटऱ्याबी?”

“न्हाई.”

“तुम्ही उस्ताद आहात.”

“म्हणूनच न्हाई म्हणतोय.”

बिराचं डोकं पळू लागलं. थांबलेली गाडी आणि पळतं डोकं. एकदम त्याला सुचलं आणि तो पायरीवरून उडी मारून खाली आला. तुमच्याकडची एक बॅटरी द्या, म्हणाला. तात्पुरती. आधी तिच्या वायरी बल्बला जोडतो, मग जुन्या सोडवतो. मधे एक क्षणबी बल्ब विझणार न्हाई. दादानंच शिकवलंय मला. तोवर तुम्ही या चार भरा. अल्टरनेटरबी निवांत करा. झालं की न्हाई?

उस्तादांनी लिंबाखालच्या ओळीकडं हात केला.

“घे.”

“कुठली?”

“कुठलीबी. उजवीकडच्या भरलेल्या आहेत.”

एवढ्या सहज मिळेल असं बिराला वाटलं नव्हतं. तो धावलाच. टोकाला चिमटे लावलेली वायर त्यानं छपराच्या खांबावरून ओढून घेतली, खांद्यावर टाकली आणि बॅटऱ्यांच्या ओळीसमोर जाऊन उभा राहिला. ट्रॅक्टरच्या होत्या, जीपच्या होत्या, एका बाजूला कुणाच्या तरी ऊसगाडीची होती. प्रत्येकीवर खडूनं गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेलं होतं. तो वाकला. मग वाकल्या वाकल्या थांबला.

“ही उतरली की?” त्यानं मान न वळवता विचारलं.

“शेजारची घे.”

“ती उतरली की?”

“तिच्या शेजारची.”

…

“आणि मग?”

“बॅटऱ्या पुष्कळ आहेत बिरा,” उस्ताद पायरीवरूनच म्हणाले. “रोज येत्यात. त्याची काळजी तू करू नको.”

बिरा तसाच बसला, त्या बॅटऱ्यांसमोर उकिडवा. चिमटा हातात होता. तो उघडायचा, मिटायचा. उघडायचा, मिटायचा. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याच्या मागून धूळ आली आणि बॅटऱ्यांवर बसली.

“किती दिवस ठेवतात उस्ताद? दिवा…”

“तुमच्यात किती ठेवतात?”

“ते झाले.”

“मग मला काय विचारतोस?”

आता बिराचा आवाज फुटला. तो रडला नव्हता, मातीला नाही, दिवसालाही नाही. गाडी चालवताना रडलं की रस्ता दिसत नाही. आता समोर रस्ता नव्हता. तो चिमटा मुठीत धरून रडला, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडावं तसा. चिमण्या उडाल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या.

उस्ताद उठून त्याच्याजवळ गेले नाहीत. त्यांनी फडकं डोळ्यांना लावलं, चष्म्याच्या खालून.

रडं ओसरल्यावर बिरानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

“बल्ब बंद केला तर त्याला वाट दिसंल का?”

उस्तादांनी गाडीच्या छताकडं बघितलं. आतून एका रेषेत गेलेल्या वायरी, ठरावीक अंतरावर लावलेल्या पट्ट्या, एकही गाठ नाही.

“ही वायरिंग मायाप्पानं हितंच केली,” ते म्हणाले. “संध्याकाळी आमच्याकडं लाइट नसायची. मी कंदील धरतो म्हणलं, तर नको म्हणाला. सगळी चाचपडत ओढलीय त्यानं.”

बिरा उठला. चिमटे लावलेली वायर त्यानं गुंडाळली आणि होती तिथं खांबावर नेऊन टांगली. मग गाडीत गेला.

दादाच्या उशाशी लाकडी फळीवर दोन बटणं होती, घरात असतात तशी काळी. एक पंख्याचं, एक बल्बचं. बिरानं बोट बल्बच्या बटणावर ठेवलं. काढलं. तळहात पँटला पुसला. बाहेर लख्ख ऊन होतं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तो बल्ब जळतोय हे वाटीखाली डोकावल्याशिवाय कळतही नव्हतं. तांबडा, दोऱ्याएवढा…

“उस्ताद.”

“हं.”

“तुम्ही करता का बंद?”

“न्हाई.”

बिरानं आधी पंखा बंद केला. पातं जाळीला घासत राहिलं. टिक… टिक… मग दोन टिकमधलं अंतर वाढलं. मग एक टिक झाली आणि पुढची आलीच नाही.

मग त्यानं दुसरं बटण दाबलं.

काही झालं नाही. गाडीत उजेड होता तेवढाच राहिला. त्यानं बल्बला हात लावला. काच गरम होती. हात तसाच ठेवून तो उभा राहिला. काच कोमट झाली. मग त्याच्या हाताएवढीच झाली आणि मग त्याला काच कुठली आणि हात कुठला ते कळेना.

त्यानं हात काढला.

“पाना द्या,” तो म्हणाला.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. बिरा एकेक नट सैल करत गेला, उस्ताद वायरींना खडूनं खुणा करत गेले. चौथी बॅटरी आधी काढायची ठरली, सगळ्यांत खाली गेलेली. तिला दोन्ही बाजूंना दोरीच्या कड्या होत्या. एका बाजूला बिरानं धरलं, दुसऱ्या बाजूला उस्तादांनी. फळीच्या कडेवरून ती वर आली तसा बिराचा खांदा खाली ओढला गेला.

“काहीच उरलं न्हाई म्हणता हिच्यात…” तो धापा टाकत म्हणाला. “मग एवढी जड कशी?”

उस्तादांनी आपल्या बाजूची कडी दुसऱ्या हातानंही धरली आणि पायरीकडं पाऊल टाकलं.

“भरलेलीबी एवढीच असती.”